बोथट गळ घेऊन भामेकाठी

देहू सोडलं तेव्हा गाडीत चार गोष्टी होत्या: नऊ फुटी काठी, पिसांच्या एकवीस माश्या, डबाभर शंकरपाळे आणि माझे सासरे. पहिल्या तिन्हींची तपासणी मी केली होती. चौथे तीन दिवस माझी तपासणी करायला आले होते.

प्रवासवर्णनं लिहायची तर लोक हिमालयात जातात. मी चाकणच्या पलीकडे गेलो, भामा नदीवर, धरणाच्याही वर. अंतर मुद्दाम सांगत नाही, कारण आमच्या कंपनीची बस पहिल्या शिफ्टला याहून जास्त फिरते. गावाचं नावही सांगणार नाही. मासे धरणारी माणसं जागा सांगत नसतात, आणि मासे धरणाऱ्यांची मी निदान ही एक सवय तरी नीट उचलली आहे.

आधी या छंदाविषयी थोडं सांगतो, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. साध्या गळाला लोक गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात. फ्लाय फिशिंगमध्ये खाद्य लावत नाहीत. गळावर पिसं, रेशीम, लोकर असं काहीबाही गुंडाळून पाण्यात पडलेला किडा वाटेल अशी एक माशी बांधतात. ही माशी इतकी हलकी असते की ती फेकताच येत नाही. म्हणून दोरी जड असते. ती डोक्यावरून मागेपुढे झुलवत अलगद पाण्यावर ठेवायची असते. माशाला वाटतं किडा पडला, आणि तो वर येतो. येतो असं म्हणतात.

मला हे शिकवलं आमच्या टूलरूममध्ये मशीन बसवायला आलेल्या एका परदेशी इंजिनियरने. जेवणाच्या सुट्टीत तो मला पार्किंगमध्ये, माल भरायला उभ्या असलेल्या ट्रकांच्या मधल्या जागेत, दोरी झुलवायला लावायचा. जाताना त्याच्या बॅगेचं वजन जास्त झालं, म्हणून काठी माझ्याकडे आली. गेटवर ती नेताना सिक्युरिटीवाल्याने पासवर लिहिलं, ‘काठी, एक नग, परत येणार नाही’. त्या गोष्टीला सात वर्षं झाली. या सात वर्षांत मी पवनेवर गेलो, इंद्रायणीच्या वरच्या अंगाला गेलो, आणि एकही मासा धरला नाही.

माश्या मात्र मी उत्तम बांधतो. ड्रिलच्या जुन्या चकपासून मी गळ पकडायचा शिकंजा केला आहे. मोरपीस, माझी बायको सुनीता हिचं भरतकामाचं रेशीम आणि तिच्या लग्नातल्या शालूची जर वापरतो. शालूचं तिला अजून माहीत नाही. प्रत्येक माशीचं ड्रॉइंग काढलेलं आहे. शेपूट बारा मिलिमीटर, अधिकउणे अर्धा. व्हर्नियरने मोजतो आणि बसत नसेल ती बाद करतो.

आता सासरे. त्यांना मी मामा म्हणतो. मामा जुने देहूकर, गळ्यात तुळशीची माळ, अर्धं आयुष्य कारखान्यात आणि अर्धं शेतात गेलेलं. पन्नास वर्षं ते रोज सकाळी घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या घालतात. हल्ली पाणी पहिल्यासारखं राहिलं नाही, गोळ्या तशाच तळाला जातात. तरी मामा जातात. जावई गळ टाकतो हे त्यांना कळलं ते एका रविवारी, जेवायला बसल्यावर.

“खायाचं न्हाई म्हंता?” त्यांनी विचारलं.

“नाही मामा. धरायचा आणि सोडून द्यायचा.”

“मग त्याच्या तोंडाला भोक कशापायी पाडायचं?”

सोमवारी मी टूलरूममध्ये गळाचा आतला काटा घासून काढला आणि पुढच्या रविवारी देहूला नेऊन दाखवला. मामांनी गळ हातात घेतला आणि सरळ स्वतःच्या खालच्या ओठावरून ओढला.

“टोचतंय.”

मग मी टोकही घासलं. पुन्हा ओठ. “अजून टोचतंय.” तिसऱ्या रविवारी गळ पास झाला. वीस वर्षं मी लोकांचे पार्ट परत पाठवत आलो आहे. माझा पार्ट दोनदा परत आला तो देहूत, ओठाच्या गेजवर.

तर असा हा बोथट गळ. त्याने मासा अडकू शकत नाही. फार तर तोंडात घेईल आणि थुंकेल. मला तेवढंही चाललं असतं, पण तेवढंही होईना. शेवटी सुनीता म्हणाली, “ती काठी जळमटं काढायला बरी आहे. उगाच गॅलरीत अडगळ.” मामांनी निवाडा दिला. तीन दिवस आपण दोघं नदीवर जायचं. एका माशाने आपल्या मर्जीने, त्यांच्या डोळ्यांदेखत माशीला तोंड लावलं तर ते पुन्हा बोलणार नाहीत. नाही लावलं तर काठी जळमटांना.

यात हसण्यासारखं बरंच आहे, पण मला ती काठी हवी होती. टूलरूममध्ये माझा दिवस मायक्रॉनमध्ये जातो. नदीवर काही चुकलं तर कोणाची लाइन थांबत नाही. ही एक जागा माझी होती आणि ती मला घालवायची नव्हती.

पहिला दिवस: डोह

उतरलो दत्ताच्या घरी. दत्ता माझ्या हाताखाली ग्राइंडिंगला आहे. त्याचं घर नदीच्या अगदी वर आणि घरासमोरच डोह. त्याच्या आई, आक्का, अंगणात उभ्या होत्या.

“या. मसाला वाटून ठिवलाय,” त्या म्हणाल्या. “मासं किती वाजंपतूर आनशाल?”

दत्ताने मामांच्या माळेकडे बोट करून त्यांना बाजूला नेलं आणि काहीतरी समजावलं. आक्का परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कीव होती. एवढ्या लांब येऊन मासे न खाणारी माणसं त्यांनी पाहिली नसावीत. दुपारी तो मसाला बटाट्यांना लागला, आणि भाकरीबरोबर मी इतके बटाटे खाल्ले की मामांनी ताटाकडे दोनदा पाहिलं.

मग मी कामाला लागलो. कंपनीची सवय अशी की मोजल्याशिवाय हात लावायचा नाही. कंपनीची टोपी, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट, पायात सेफ्टी शूज, आणि हातात खुणा केलेला बांबू. डोहाची खोली सहा ठिकाणी मोजली. रुंदी टेपने. पाण्याचं तापमान, वाऱ्याची दिशा, काठावरची झाडं, सगळं वहीत लिहिलं, नकाशा काढला. पलीकडच्या बांधावर दोनतीन माणसं येऊन उभी राहिली. मी हात केला. त्यांनी केला नाही.

चिखलीत आमच्या सोसायटीत कोणी काय करतंय हे कोणी विचारत नाही. लिफ्टमध्ये मी काठी घेऊन उभा असलो तर शेजारी फोनमध्ये पाहतो. गावात सगळेच पाहतात, पण पहिल्या दिवशी विचारत नाहीत. आधी आपापसात ठरवतात, असं मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दोरी झुलवायला सुरुवात केली आणि वारा सुटला. पहिल्या तासात माशी एकदा बाभळीत, एकदा दत्ताच्या म्हशीच्या शिंगात आणि एकदा मामांच्या टोपीत अडकली. टोपी डोहावर तरंगत गेली. मी सेफ्टी शूजसकट पाण्यात उतरून ती आणली. मामांनी ती पिळून डोक्यावर घातली आणि म्हणाले, “टोपीनं लावलं तोंड. मोजायचं का?”

प्रत्येक नवी माशी बांधली की ते हात पुढे करायचे. ओठावरून गळ ओढायचा, मान हलवायची, परत द्यायची. संध्याकाळपर्यंत नऊ माश्या झाल्या आणि एकही मासा वर आला नाही.

दुसरा दिवस: मोजणीवाले

सकाळी चहा होतो न होतो तोच अंगणात पंधरावीस माणसं जमली. पुढे गेनूआबा, गावातले वयाने आणि शब्दाने मोठे गृहस्थ. एका माणसाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा होता.

“पाव्हणं, कंच्या खात्याचं?” आबांनी विचारलं.

“खात्याचा नाही हो. मासे धरायला आलोय.”

“बघू गळ.”

मी दिला. आबांनी तो अंगठ्यावरून फिरवला, उन्हात धरला, पुन्हा फिरवला. “ह्याला टोक न्हाई.”

“नाही. काढलंय.”

“कुणी?”

“मीच.”

“मासं खाता?”

“नाही.”

“आन् ह्ये?”

“ते माळकरी आहेत.”

आबा जमलेल्या लोकांकडे वळले. “म्हंजी मासं खात न्हाईत. गळाला टोक न्हाई. काल दुपारभर टेप लावून डोह मापला, वहीत लिवलं, नकाशा काढला. ही भगवी दोरी झाडापातूर फेकून अंतर घेतलं. आन् आलेत मासं धराया.”

असं एकापुढे एक मांडल्यावर मलाच माझा संशय आला.

मग उलगडा झाला. या भागात अंगात चमकतं जॅकेट आणि हातात टेप घेऊन माणूस आला की पुढच्या वर्षी तिथे कुंपण येतं, असं गावाचं म्हणणं. खालच्या अंगाला किती गावांत शेड उभी राहिली, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. आम्ही मोजणीवाले होतो आणि दत्ताने आम्हाला स्वतःच्या घरात उतरवून घेतलं होतं. सातबारावाला माणूस दत्ताचा सख्खा चुलता निघाला. तो पुतण्याशी बोलेना.

मामा पुढे झाले. “आबा, माळेवर हात ठिवून सांगतो. मोजणी न्हाई. जावयाला छंद हाय. त्येला कळत कायबी न्हाई, पर माणूस खोटा न्हाई.”

लग्नापासून आजवर मामांनी माझ्याविषयी काढलेले हे सर्वांत चांगले शब्द. मी ते मनात नोंदवून ठेवले.

आबांनी मामांच्या माळेकडे पाहिलं. “मग उद्या सकाळी आमी येतो. मासा धरून दावा.”

“धरायचा न्हाई,” मामा म्हणाले. “तोंड लावंल तेवढं.”

“तोंड लावल्यालं आमाला दिसलं पायजे.”

लोक गेल्यावर दत्ता माझ्याजवळ आला. “सर, आता एक तरी मासा लागल्याबिगर मला गावात तोंड दाखवाया जागा न्हाई.”

कालपर्यंत माझ्या एका काठीचा प्रश्न होता. आता दत्ताचं गावच त्याला परकं होणार होतं, आणि तेही माझ्या टेपमुळे. मला फार वाईट वाटलं. दिवसभर मी दोरी झुलवत राहिलो. उरलेल्या बाराही माश्या संपवल्या. जरीची, मोरपिसाची, ज्या माशीवर मी महिनाभर खपलो होतो तीही. मासे होते. खाली पाण्यात त्यांच्या पाठी दिसायच्या. माझी माशी डोक्यावरून गेली की ते जागचे हलायचेसुद्धा नाहीत.

मामा दिवसभर डोहाच्या टोकाला उंबराखाली बसून होते. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मला वाटलं, कंटाळले. संध्याकाळी मसाला शेवग्याच्या शेंगांना लागला होता.

तिसरा दिवस: डुबुक

फाल्गुनातली सकाळ, हवेत अजून गारवा होता. मामा मफलर गुंडाळून ओट्यावर बसले होते.

“जावईबापू, एक सांगायचं हाय. पर सांगितलं तर पाप माझ्याकडं येतंय.”

मी शेजारी बसलो.

“तुमचं किडं त्यास्नी नको हायेत. काल दिसभर बघितलं. उंबर पिकलंय. फळ पाण्यात पडतं, डुबुक वाजतं, आन् दोन दमात मासा वर येतो. आवाज आला की येतो. बघत सुदिक न्हाई.” ते थांबले. “आमच्या घाटावर बी असंच व्हतं. गोळी टाकायच्या आधी मी पाण्यावर टिचकी वाजवायचो.”

“मग उंबर बांधू?”

मामांनी माळेला हात लावला, डोहाकडे पाहिलं, मग दत्ताच्या चुलत्याच्या बंद दाराकडे पाहिलं. आणि गळ्यातला मफलर काढून त्याच्या टोकाचा धागा ओढायला लागले. विटकरी रंगाची लोकर. सुनीताने विणलेला मफलर होता तो. शालूनंतर तिच्या हातून गेलेली ही दुसरी वस्तू.

मी शिकंजा ओट्यालाच लावला. ड्रॉइंग नाही, व्हर्नियर नाही. गळावर वजनासाठी तांब्याची तार गुंडाळली, वरून लोकर, गोल. आक्कांनी बादलीभर पाणी आणलं. दत्ताने खरी उंबरं आणली. मामा डोळे मिटून बसले. दत्ता हात उंच करून एकदा खरं उंबर टाकायचा आणि एकदा माझं.

डुबुक. “ह्ये उंबर.”

डबक. “ह्यो खडा.”

तारेचे दोन वेढे कमी केले. टप. “हा वाळका कापूस.” एक वेढा वाढवला. असं सात वेळा झालं. इतकं कडक इन्स्पेक्शन मी आमच्या कुठल्याही ग्राहकाकडे पाहिलेलं नाही. आठव्या वेळी दत्ताने टाकलं आणि मामा म्हणाले, “ह्ये उंबर.” दत्ता हसला. ते माझं होतं.

मग ओठ. मामांनी गळ ओढून पाहिला. “टोचत न्हाई. चला.”

काठावर सगळं गाव होतं. बाया, म्हातारी माणसं, बांधावर बसलेला चुलता. मी टोपी आणि जॅकेट घरी ठेवून आलो होतो. पहिली फेक लांब गेली. दुसरी उंबराच्या फांदीत अडकता अडकता वाचली. किडा जिवंत वाटावा म्हणून हलवतात तसं मी सवयीने काठीचं टोक हलवत होतो.

“हलवू नगा,” मामा मागून हळूच म्हणाले. “खायला घालताना कुणी हात हलवतं का?”

तिसरी फेक फांदीखाली पडली. डुबुक. मी काठी धरून उभा राहिलो आणि मनात दोन दम मोजले.

खालून एक लांब सावली वर आली. पाण्याला खळगा पडला, भलंमोठं तोंड उघडलं आणि मिटलं, आणि दोरी माझ्या बोटांतून सुसाट निघाली. काठी कमानीसारखी वाकली. काठीच्या मुठीजवळचं, दोरी गुंडाळायचं चाक किरकिरायला लागलं. सात वर्षांत मी त्या चाकाचा आवाज ऐकला नव्हता. आणि त्या आवाजाच्या वर, माझ्या मागून, पन्नास वर्षं माशांना जेवू घातलेला माळकरी माणूस ओरडत होता.

“धर, धर! आरं सोडू नगंस, धर त्येला!”

चार श्वास, फार तर पाच. मग दोरी ढिली पडली. पाणी शांत झालं आणि माझं उंबर वर आलं, चेंबटलेलं, लोकर सुटलेली.

मग गेनूआबा म्हणाले, “खडशी व्हती. दंडाएवढी.”

“व्हय,” दोघंतिघं म्हणाले. खडशी म्हणजे पुस्तकात ज्याला महाशीर म्हणतात तो मासा. ज्याच्यासाठी शौकीन लोक कुठून कुठून येतात आणि टोकदार गळ आणतात.

आबा माझ्याजवळ आले आणि त्यांनी गळ पुन्हा अंगठ्यावरून फिरवून पाहिला. “एवढा मासा तोंडात आला आन् टोक नसल्यापायी घालवला,” ते गावाला म्हणाले. “सरकारी माणूस इतका येडा नसतो. ह्यो मोजणीवाला न्हाई.”

माझ्या शहाणपणाची एवढी जाहीर तपासणी कधी झाली नव्हती, आणि निकालाचा मला एवढा आनंदही कधी झाला नव्हता. चुलता बांधावरून उतरला, दत्ताच्या पाठीवर थाप मारली आणि “च्या ठिव” म्हणाला.

मामा मात्र उंबराखाली उभे होते. कान लाल झाले होते. “मासा उपाशी गेला,” ते म्हणाले. “भूक लागली म्हणून आला आन् आपण लोकर चारली. भरपाई कराया पायजे.” त्यांनी उपरणं पसरलं आणि खाली पडलेली उंबरं वेचायला लागले. मीही वेचायला लागलो. मग दत्ता, मग आक्का. चुलत्याने पिशवीतला सातबारा काढून बंडीच्या खिशात घातला आणि त्या पिशवीत उंबरं भरली. दहा मिनिटांत सगळं गाव डोहात उंबरं टाकत होतं. पाण्यात इतके मासे होते हे त्या गावालाही माहीत नव्हतं. आबा प्रत्येक उंबर टाकायच्या आधी पाण्यावर टिचकी वाजवत होते. मामांनीच शिकवलं असणार.

दुपारी उरलेला मसाला हुलग्यांना लागला. आक्का म्हणाल्या, पुढल्या खेपेला वाटतच न्हाई. पण पुढल्या खेपेला या म्हणाल्या.

परत देहू

वाटेत मामा खिडकीबाहेर पाहत होते. चाकणच्या चौकात आम्ही ट्रकांच्या रांगेत थांबलो. काठीचा विषय निघाला नाही. ती मागच्या सीटवर होती, आणि माझीच होती.

देहूत घराशी गाडी थांबली. मामांनी उसवलेला मफलर नीट घडी करून पिशवीत तळाला ठेवला. दार उघडलं, एक पाय खाली ठेवला आणि तसेच बसून राहिले.

“जावईबापू.”

“काय मामा?”

“ते मी ‘धर धर’ म्हणलो.”

“हो.”

“सुनीताला सांगू नगा.”

मी शब्द दिला. ते उतरले, चार पावलं गेले आणि परत खिडकीशी आले. इकडंतिकडं पाहिलं, हात पुढे केला आणि ते चेंबटलेलं उंबर मागून घेतलं. पुन्हा एकदा ओठावरून ओढून पाहिलं.

“लईच गुळगुळीत झालंय का हो ह्ये?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ते उंबर खिशात घालून घरात गेले.

सुनीताला मी काही सांगितलेलं नाही. लिहायचं नाही, असं आमचं ठरलं नव्हतं.